ट्राममध्ये बोललेलं वाक्य

ट्राममध्ये एका तरण्या पोराने उठून फ्लोरेट वेनला बसायला जागा दिली, आणि तिच्या तोंडून नव्या नाटकाचं शेवटचं वाक्य निघून गेलं. तिने ते बोलायचं ठरवलं नव्हतं. ती पितळी दांड्याला धरून उभी होती आणि सकाळी घरमालकिणीने वाढलेल्या धुरी दिलेल्या माशाचा एक काटा जिभेने दातातून काढायच्या खटपटीत होती. मँचेस्टरच्या त्या गाडीत ओल्या लोकरीचा आणि गिरणीच्या तेलाचा वास कोंडला होता. पोरगा समोरच्या बाकावर मांडीवर वेताची पेटी घेऊन बसला होता, पेटीत शर्यतीची कबुतरं होती. त्याने आधी तिची टोपी पाहिली, मग बूट पाहिले, मग चेहरा पाहिला, आणि निर्णय काय तो चेहऱ्यावरच झाला. तो उठला, आपल्या टोपीने बाक झटकला आणि म्हणाला, "बसा ना, मावशी." आता नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात राजपुत्राचं काम करणारा बेसिल खुर्ची पुढे सरकवून हेच म्हणायचा, याच सुरात, असाच जरा वाकून. तीन आठवडे तालमीत हे शब्द कानावर पडले की फ्लोरेटची मान उंच व्हायची आणि उजव्या हातातला पंखा फट्‌कन उघडायचा. पंखा नव्हता म्हणून छत्री वर गेली. आणि मान उंच करून, गॅलरीच्या शेवटच्या रांगेला ऐकू जावं अशा स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "बसू कशाला रे? अजून माझा नाच व्हायचाय!" तिकिटवाल्याचा हात पिशवीतच राहिला. डोक्यावरून शाली घेतलेल्या दोन गिरणीवाल्या एकमेकींना धरून हसायला लागल्या. पेटीतली कबुतरं फडफडली. पोराने तिच्याकडे नीट पाहिलं, "बरं, उभ्या राहा मग," म्हणाला, आणि पुन्हा बसला.

पुढच्याच थांब्यावर ती उतरली. थिएटर अजून चार थांबे लांब होतं, पण गाडीत उभं राहणं शक्य नव्हतं आणि बसणं तर त्याहून नाही. फुटपाथवर आल्यावर आपण काय करून बसलो ते तिला कळलं. कारण नाटकाचं शेवटचं वाक्य पहिल्या प्रयोगाआधी कुणी उच्चारत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, कुणाला शिकवावं लागत नाही. माणूस कंपनीत येतो आणि चार दिवसांत कंपनीच्या गार चहासारखं ते त्याच्या अंगवळणी पडतं. पडद्याआड शीळ घालायची नाही, रंगपटात मोरपीस आणायचं नाही, आणि शेवटचं वाक्य तालमीत बोलायचं नाही. बोललं तर नाटक तिथेच संपलं. मग लोकांना दाखवणार काय, संपलेलं नाटक? म्हणून तालमीत तिथवर आलं की ज्याचं वाक्य असेल तो काहीतरी दुसरं पुटपुटतो. फ्लोरेट म्हणायची, "आणि मग ते." बेसिल म्हणे, बसा ना मावशी, ती मान उंच करे, पंखा उघडे आणि म्हणे, आणि मग ते, आणि बँडमास्तर हात खाली आणून शेवटचा नाच सुरू करे. ज्याने शब्द लिहिले होते तो विद्यापीठातून ताजा आलेला लेखक बिचारा रोज खुर्चीत पुढे सरकून बसायचा. आपलं सगळ्यात चांगलं वाक्य एकदा तरी ऐकवा म्हणून त्याने मॅनेजर क्विलसाहेबांना विनवलं होतं. क्विलसाहेब त्याला म्हणाले की सोमवारी तिकीट काढा आणि सगळ्यांबरोबर ऐका. आज सोमवार होता. आणि ते वाक्य लेखकाच्या आधी दोन गिरणीवाल्यांनी, एका तिकिटवाल्याने आणि पेटीभर कबुतरांनी ऐकलं होतं.

ती चालत राहिली. उजव्या पायाच्या अंगठ्याशी हाड वाढलं होतं, ते बुटाला आतून टोचत होतं; गेली कितीतरी वर्षं ते तिचं सगळ्यात जवळचं माणूस होतं, कारण तिचं खरं वय फक्त त्याला ठाऊक होतं. दुकानांच्या काचांतून एक बाई तिच्याबरोबर चालत होती. टोपीवर चेरी, कंबर आवळलेली, चाल झोकदार. लांबून पंचवीस, मध्यावर पस्तीस. आणि जवळून? जवळून त्या पोराने पाहिलं होतं. खरं बोलायचं तर, आणि चालताना माणूस स्वतःशी बरंचसं खरं बोलतो, नाटक बुडेल या भीतीपेक्षा ते 'मावशी' तिला जास्त लागलं होतं. ती स्वतःला बजावत होती की तू आज चाळीस माणसांच्या पोटावर पाय दिलास, लाज धर. आणि मन आपलं फिरून फिरून विचारत होतं की त्याने आधी टोपी का पाहिली, टोपीवर तर चेरी होत्या. आज लंडनचे साहेब येणार होते. त्यांना आवडलं तर अख्खी कंपनी लंडनला जाणार होती, तिथल्या मोठ्या थिएटरात, विजेच्या दिव्यांत. नाही आवडलं तर शनिवारी सामान बांधून जो तो आपापल्या गावी. बाकीच्या पोरींना आपापल्या गावाहून पुन्हा निघता आलं असतं. फ्लोरेटच्या गावी, रॉचडेलला, तिची धाकटी बहीण थर्झा टोप्यांचं दुकान चालवत होती आणि त्या दुकानात गल्ल्यामागे एक खुर्ची होती. थर्झा दर नाताळात म्हणायची, "ये आता हेप्सी, बस दुकानात. खुर्ची आहे, शेगडी आहे, कितीदा त्या पायाला छळशील?" फ्लोरेट वेन हे नाव ज्या रात्री गॅसच्या दिव्यात जन्मलं त्याआधी ती हेप्झिबा ग्रिमशॉ होती, आणि थर्झाच्या दुकानात शिरलं की पुन्हा हेप्सीच व्हायची. ती खुर्ची तिला स्वप्नात दिसे. गवती बैठकीची साधी खुर्ची होती. तिने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, पण स्वप्नात ती गल्ल्यामागून उठून हळूहळू स्टेजवर चालत यायची.

तशी तिची कारकीर्द कमी नव्हती. ती दुसरी गवळण झाली होती, बारा फुलवाल्यांतली पाचवी झाली होती, डावीकडून तिसरी जपानी बाई झाली होती आणि त्याच पंख्यावर पुढच्या वर्षी उजवीकडून दुसरी चिनी. एका मोसमात छत्रीवरून एक गाणं तिला एकटीला मिळालं, ते लीड्सपासून प्लिमथपर्यंत पोरांनी शीळ घालून म्हटलं. आणि सात मोसम ती नायिकेची राखीव होती, म्हणजे नायिका आजारी पडली तर फ्लोरेट उभी राहणार. पण त्या नायिकेची प्रकृती तोफखान्याच्या घोड्यासारखी. पावसात भिजली, जिन्यावरून पडली, प्रेमात फसली, पण प्रयोग चुकवला नाही. एकदा, फक्त एकदा, ब्लॅकपूलला ती शिंपल्यांनी आजारी पडली. आणि त्या शिंपल्या दोघींनी एकाच बशीतून खाल्ल्या होत्या. त्या रात्री राजकन्येचं काम नायिकेच्या आईने केलं. यंदा 'टपालातली राजकन्या' हे नवं नाटक घेताना क्विलसाहेबांनी फ्लोरेटला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि स्वतःच्या हाताने पेला भरून पुढे केला. तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं, कारण या माणसाने नायिकेच्या लग्नातसुद्धा कुणाचा पेला भरला नव्हता. ती राजकन्येचं गाणं पाठ करून आली होती, घसा साफही केला होता. क्विलसाहेब म्हणाले, राजकन्या नव्हे फ्लोरेट, डचेस, राजपुत्राची मावशी. पांढरा टोप आहे, पण शेवटचं वाक्य तुझं आहे. शेवटचं वाक्य! राजकन्येलाही नाही, तुला. ती हसली होती, पेला रिकामा केला होता, आणि खोलीवर येऊन आरशासमोर तो टोप घातला होता. तो तिला इतका शोभला की तिने रागाने पलंगाखाली टाकला.

आणि ते वाक्य होतंही चांगलं. घरी कागदावर वाचताना तिला वाटायचं की त्या विद्यापीठातल्या पोराला काय ठाऊक आपल्याबद्दल, आणि तरी बघा. बसू कशाला रे, अजून माझा नाच व्हायचाय. ती ते मनात म्हणायची, नाहीतर नुसत्या ओठांनी, आवाज न करता. आवाज न करता बोललं तर चालतं, अशी तिने सोय करून घेतली होती, आणि ही सोय तिला आईकडून मिळाली होती. आई कापडगिरणीत मागावर होती. शंभर मागांच्या खडखडाटात कान कामाचे नसतात, बायका ओठांनी बोलतात. तोंड मोठं करून, एकेक अक्षर चावून, आवाज अजिबात न काढता. सगळ्या भानगडी, बारशी, शिव्या, प्रार्थना त्या खडखडाटात मूकपणे चालायच्या, आणि सवय इतकी की रस्त्याच्या या बाजूच्या बाईने त्या बाजूच्या बाईला काय सांगितलं ते आई खिडकीतून वाचायची. हेप्सी आणि थर्झाही दोन वर्षं मागावर होत्या. तिथूनच हेप्सीचं तोंड मोठं झालं, आणि पुढे वर्तमानपत्रवाले लिहू लागले की मिस वेन यांचा एकही शब्द वाया जात नाही. आई एकदाच तिचं नाटक पाहायला आली. तोवर तिचे कान पार गेले होते. गॅलरीत बसून तिने लेकीचं अख्खं गाणं ओठांवरून वाचलं, आणि नंतर बाहेर आल्यावर म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात तू प्रेमाचं काही बोललीच नाहीस. 'मेला बूट चावतोय' म्हणालीस." आणि ते खरं होतं. दुसऱ्या कडव्यात बँड जोरात होता, कोरसही होता, आणि फ्लोरेटला वाटलं होतं की कोण बघतंय.

रंगपटात तिची वेशभूषा सांभाळणारी केझाया सुया तोंडात धरून डचेसचा झगा आवळत बसली होती. केझाया नाटकातल्या शकुनअपशकुनांचं न्यायालय होती. कुठल्या गावी कोण शीळ घालून गेला आणि मग काय पडलं हे तिला तोंडपाठ होतं. फ्लोरेट पावडरचा डबा उगाच उघडत-मिटत म्हणाली की सहज विचारते, समज एखाद्याने शेवटचं वाक्य थिएटरबाहेर उच्चारलं, कुठेतरी, म्हणजे समज ट्राममध्ये, तर ते धरतात का? केझायाने तोंडातल्या सुया एकेक करून उशीत टोचल्या. वुल्व्हरहॅम्प्टनला एक नट झोपेत बोलला होता म्हणाली, फक्त बायकोने ऐकलं. पहिल्या अंकात किल्ल्याचा बुरूज बँडमास्तरवर पडला. मग तिने मान वर केली. "कोण बोललं?" फ्लोरेट म्हणाली कुणी नाही. "ट्राममध्ये कुणी नाही बोललं?" कुणीच नाही. केझाया उठली, दार उघडलं आणि डचेसला पेटीकोटातच बोळात काढलं, आणि म्हणाली की सहजच, उगाच, तीन गिरक्या घे आणि दार वाजव. फ्लोरेटने बोळात तीन गिरक्या घेतल्या. तिसऱ्या गिरकीला तिला दिसलं की लंडनचे साहेब हातात द्राक्षांची पिशवी घेऊन बोळाच्या टोकाशी उभे आहेत आणि क्विलसाहेब त्यांना थिएटर दाखवताहेत. तिने दार वाजवलं. आतून केझाया विचारत होती कोण आहे, आणि जोवर बाहेरचा माणूस नाव सांगत नाही तोवर घ्यायचं नाही हाही नियमच, म्हणून तिला बोळात पेटीकोटात उभं राहून म्हणावं लागलं, "फ्लोरेट वेन." साहेबांनी मान लववली आणि एक द्राक्ष तोंडात टाकलं.

आत आल्यावर केझायाने टोपाला सगळ्या टाचण्या लावून घेतल्या. मग आरशातूनच म्हणाली की तिच्या मते आता ते वाक्य गेलं. झालं एकदा बोलून. "आता पुन्हा बोललीस तर नाटक दोनदा संपलं. आणि दोनदा संपलेल्याला कोण येतंय, बाई?" फ्लोरेट म्हणाली मग करू काय, बोलूच नको? शेवटचं वाक्य न बोलता पडदा कसा पाडतील? बँडमास्तर त्या वाक्यावर नाचाला हात टाकतो, दोरीवाला त्या नाचावर दोर सोडतो, सगळं त्या एका वाक्यावर टांगलंय. केझायाने खांदे उडवले. तिचं काम शकुन सांगायचं होतं, नाटक बसवायचं नव्हतं.

आणि नाटक सुरू झालं. मँचेस्टरचे लोक नवं नाटक पाहतात ते दुसऱ्याच्या घरचं सूप चाखल्यासारखं. वाईट आहे असं म्हणत नाहीत, पण चमचा हळूच बाजूला ठेवतात. पहिल्या अंकात ते तसेच बसले होते. फ्लोरेट विंगेत उभी राहून प्रत्येक गोष्ट स्वतःच्या खात्यावर घेत होती. बेसिलची मिशी सुटून राजकन्येच्या गालाला चिकटली: तिने मनात म्हटलं, माझ्यामुळे. टपालाची पेटी उघडेना: माझ्यामुळे. राजकन्येने वरचा सूर असा लावला की खाली कुणीतरी शिंकलं, तेही माझ्यामुळे. रंगीत तालीम वाईट गेली होती, तेवढाच काय तो आधार होता, कारण रंगीत तालीम वाईट तर प्रयोग चांगला; पण तो हिशोब ट्रामच्या आधीचा. बॉक्समध्ये साहेब द्राक्षं खात होते. फ्लोरेटला वाटलं की द्राक्षं संपली की ते उठून जातील, आणि ती बिया मोजल्यासारखी त्यांच्या जबड्याकडे बघत राहिली. मध्येच तिला स्वतःचं हसू यायचं. इतक्या वर्षांत कुणी तिच्यामुळे नाटक चाललं असं म्हटलं नव्हतं, आणि आता एका दिवसात तिने आख्खं नाटक एकटीने बुडवायला घेतलं होतं. म्हणजे मुख्य काम मिळालं ते असं. तिचं गाणं बरं झालं. टाळ्या आल्या, पण त्या पांढऱ्या टोपाला होत्या, म्हाताऱ्या बाईने या वयात गायलं म्हणून. त्या घेणं तिला फार जड गेलं, तरी तिने सगळ्या घेतल्या, एकही सोडली नाही.

मग तो प्रवेश आला. लग्न ठरलं, टपालवाला राजपुत्र निघाला, कोरस दोन्ही बाजूंना कमानीसारखा उभा राहिला, आणि बेसिलने सोनेरी खुर्ची पुढे सरकवली. तो जरा वाकला. "बसा ना, मावशी." तिची मान उंच झाली. पंखा उघडला. सगळं थिएटर तिच्याकडे बघत होतं, बँडमास्तरचा हात वर होता, वर कुठेतरी दोरीवाल्याने दोर हातात घेतला असणार. आणि वाक्य होतं, अगदी जिभेच्या टोकावर होतं, सकाळच्या काट्यासारखं, पण ते बाहेर आलं की सगळं दुसऱ्यांदा संपणार होतं आणि शनिवारी ती रॉचडेलच्या गाडीत बसणार होती. ती थांबली. विंगेत म्हातारा टॅपिट प्रॉम्प्टर पुस्तक छातीशी धरून उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडला. ती विसरली असं त्याला वाटलं. पण टॅपिट तीस वर्षं नाटकात होता आणि ज्याचं शेवटचं वाक्य त्याने ते उच्चारण्याआधी टॅपिटने ते कधीच उच्चारलं नव्हतं. त्याची जीभच वळेना. "ते," तो कुजबुजला. "ते ते. आणि मग ते!" मग बिचाऱ्याने आवाज सोडून नुसते ओठ हलवले, मोठे मोठे, एकेक अक्षर. आणि मागावर वाढलेल्या हेप्झिबा ग्रिमशॉने त्याच्या ओठांवरून सगळं वाक्य स्वच्छ वाचलं. बसू कशाला रे. अजून माझा नाच व्हायचाय. म्हणजे ती विसरली होती असं पुढे कुणी म्हणायला नको. तिला ठाऊक होतं. तिने त्या सोनेरी खुर्चीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ती स्टेजवर कधी बसली नव्हती. गवळणी बसत नाहीत, फुलवाल्या बसत नाहीत, डावीकडून तिसऱ्या जपानी बाईला कोण खुर्ची देतं? आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं की ही खुर्ची थर्झाच्या दुकानातली नाही, ही चांगली आहे, हिच्यावर मखमल आहे, आणि आपले पाय फार म्हणजे फार दुखताहेत.

ती बसली.

नुसती बसली नाही. डचेस बसेल तशी आधी बसली, मग तिच्या तोंडून एक श्वास सुटला तो हेप्सीचा होता, आणि मग तिने वाकून उजव्या पायातला साटिनचा जोडा काढला, समोर धरून त्याच्याकडे असं पाहिलं की जणू गेल्या सगळ्या वर्षांचा जाब विचारतेय, आणि तो मांडीवर ठेवून अंगठा चोळायला लागली. बेसिल गोंधळला. त्याला एवढंच कळलं की त्याच्या बोलण्यानंतर यायचं ते आलं नाही, म्हणून प्रामाणिक माणसासारखं त्याने आपलं वाक्य पुन्हा म्हटलं, बसलेल्या बाईला वाकून: "बसा ना, मावशी." आणि वर गॅलरीतून, जिथे दिवसभर मागावर उभ्या राहिलेल्या बायका बसल्या होत्या, एक आवाज आला, जाडाभरडा, प्रेमळ: "बस गं बाई, बस! जोडा घालू नकोस!" मग फुटलं. गॅलरीतून हसू सुरू झालं ते खाली उतरलं, खालच्या स्वस्त बाकांवर, पिटात आलं, पुढच्या मखमली खुर्च्यांत आलं. चमचे बाजूला ठेवणारी माणसं रुमालात तोंड घालून हलायला लागली. लंडनच्या साहेबांच्या घशात द्राक्ष अडकलं आणि क्विलसाहेबांनी त्यांच्या पाठीत थापा मारल्या. वर दोरीवाला हसता हसता दोरावरचा हात विसरला, दोर सुटला आणि पडदा आपणहून खाली आला. पडद्यापलीकडून बँडमास्तरने भलत्याच वेळी नाच सुरू केला. कोरस कुणाला काही न कळता नाचायला लागला, आणि त्या सगळ्या धांदलीच्या मधोमध डचेस अंगठा चोळत बसली होती.

लेखक रडवेला होऊन रंगपटात आला. त्याचं म्हणणं असं की वाक्य गेलं कुठे, तीन आठवडे तो ते ऐकायला थांबलाय. फ्लोरेट त्याला समजावून सांगणार होती, पण ट्राम आणि कबुतरं कशी समजावणार? केझाया मध्ये पडली आणि म्हणाली, साहेब, तुमचं वाक्य इतकं चांगलं आहे की ते जपून ठेवलंय. साहेब मात्र, लंडनचे, द्राक्ष निघाल्यावर डोळे पुसत एवढंच म्हणाले की ते शेवटचं तसंच राहू द्या. ती बाई बसते ते. वाक्य लागत नाही. त्यांना वाटलं की तसंच लिहिलं होतं. क्विलसाहेबांनी सांगितलं की हो, तसंच लिहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून दोरीवाल्याला जोड्यावर दोर सोडायला शिकवलं. टॅपिटने पुस्तकातलं वाक्य खोडलं नाही. त्याच्या हिशोबाने नाटक अजून कुणी पुरतं उच्चारलेलंच नव्हतं, म्हणजे ते संपायचं बाकी होतं, आणि असं नाटक चांगलं चालतं. फ्लोरेट त्याच्याकडे पाहून मान डोलावत राहिली. ट्राममधला तो पोरगा सोडला, दोन गिरणीवाल्या आणि तिकिटवाला सोडला तर ते वाक्य जगात कुणाच्याही कानावर पडलं नव्हतं, आणि ती माणसं नाटकाला येणारी वाटत नव्हती.

रविवारी कंपनी लंडनच्या गाडीत बसली. डबा भरलेला होता, पोरी टोप्यांच्या पेट्यांवर बसल्या होत्या. बेसिलने खिडकीची जागा रिकामी करून दिली आणि हसू दाबत, जरा वाकून म्हणाला, "बसा ना, मावशी." फ्लोरेटने ओठ घट्ट मिटले, बसली आणि उजव्या पायातला जोडा काढून मांडीवर ठेवला. फलाटावर थर्झा होती. ती रॉचडेलहून मुद्दाम आली होती, हातात एक नवी टोपी घेऊन, तिच्यावर चेरी नव्हत्या, करड्या रंगाचं पीस होतं, आणि ते पाहून फ्लोरेटला राग येणार होता पण आला नाही. टोपी तिला शोभली असती. टोपी आत घेतली, काच वर केली, इंजिनाने वाफ सोडली आणि फलाटावर एवढा आवाज झाला की जणू शंभर माग एकदम सुरू झाले. त्या आवाजात थर्झाने काचेजवळ येऊन, गिरणीत बोलायची तसं तोंड मोठं करून, आवाज न काढता विचारलं: मग त्या खुर्चीचं काय?

गाडी हलली. फ्लोरेट वेनने डब्यातल्या माणसांकडे पाठ केली, काचेशी तोंड नेलं आणि एकेक अक्षर चावून, अजिबात आवाज न करता, ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलून टाकलं. थर्झा गाडीबरोबर चार पावलं चालली. तिने सगळं वाचलं. मग तिचेही ओठ हलले, स्वच्छ, मोठे, मागल्या रांगेलाही कळतील असे:

आधी तो जोडा घाल पायात. लोक बघताहेत.